बीडीडी चाळ: सुधारणा की काँक्रीटची खुराडी?

प्रश्न थोडक्यात असा: नायगावच्या बीडीडी चाळीत आमची तिसरी पिढी राहते. आता पुनर्विकासात नवं घर मिळणार आहे. मुलगी आर्किटेक्चरला आहे. ती म्हणते, ही चाळ म्हणजे कामगारांच्या घरांचा इतिहास आहे, ती पाडायला नको. दीर म्हणतात, कसला इतिहास, इंग्रजांनी गिरणी कामगारांना कोंबायला बांधलेली खुराडी ती. खरं काय? आणि टॉवरमध्ये जाताना आम्ही कशाकडे लक्ष द्यावं?

ताई, मुलगी आणि दीर दोघांचंही बरोबर आहे. पण दोघं भिंतींविषयी बोलताहेत. मुंबईतल्या जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हा माझा धंदा. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: या शहरात कामगारांच्या घरांची जी जी योजना फसली, ती बांधकामात कमी आणि हिशेबात जास्त फसली. घर बांधायला पैसा कुठून तरी उभा राहतो. नंतर ते चालवायचं कोणी, भाडं परवडणार कोणाला, दुरुस्तीचं बिल कोणाच्या नावावर, हे प्रत्येक वेळी मोघम राहतं. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला आणि शहरातून लोक गावाकडे पळू लागले. गिरण्या ओस पडल्या, तेव्हा कामगार कुठे आणि कसे राहतात हा प्रश्न सरकारला आणि मालकांना एकदम महत्त्वाचा वाटू लागला. त्याआधी तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नमुना होता ग्लासगोचा. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच निघाले. पाडापाडीचा वेग मात्र बांधणीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त होता. ज्यांची घरं गेली ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहू लागले, आणि दादर-माटुंग्याच्या नव्या जमिनीवर घरं झाली ती मुख्यतः मध्यमवर्गाची. तरी ट्रस्टने काही चाळी बांधल्या, त्यांना आपण आजही बीआयटी चाळी म्हणतो. परळच्या अशाच एका चाळीतल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले.

ट्रस्टच्या काळातली एक गोष्ट मुलीला मुद्दाम सांगा, कारण कॉलेजात ती क्वचितच शिकवतात. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी एक नियम लावून धरला होता: साडेत्रेसष्ट अंशांचा. तळमजल्याच्या खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून चढी असता कामा नये. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं. तेरा मीटर उंचीच्या चाळीसमोर साडेसहा मीटर. एवढा साधा हिशेब. गवंड्यालाही कळेल, कोर्टातही टिकेल. मी आजही नवीन नकाशा हातात आला की आधी पट्टी घेऊन हेच मोजतो. याकडे पुढे परत येऊ.

आता तुमची चाळ. पहिल्या महायुद्धानंतर शहर फुगलं होतं, 1921 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली. भाडी भडकली, कामगारांचे संप सुरू झाले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच तुमचं बीडीडी. बेत अवाढव्य होता: 625 चाळी, 50,000 खोल्या. पैशासाठी कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. म्हणजे ज्या धंद्याला कामगार हवे, त्याच्याकडूनच त्यांच्या घरांसाठी काहीतरी घ्यायचं. कल्पना म्हणून ही मला आजही आवडते. नंतरच्या शंभर वर्षांत उद्योगावर असा थेट, दिसणारा भार घरांसाठी टाकायची हिंमत फारशी कोणी केली नाही.

प्रत्यक्षात झाल्या 207 चाळी. वरळीत 121, नायगावला 42, डिलाईल रोडला (आता ना. म. जोशी मार्ग) 32 आणि शिवडीला 12. याच खात्याकडे बॅक बेचा भराव, म्हणजे समुद्र बुजवून जमीन काढायचं काम होतं. तिथे पैसा समुद्रात गेला. काँग्रेसचे नेते खुर्शेद नरिमन यांनी त्यावरून असं रान उठवलं की खात्याची अब्रू गेली, आणि चाळींचा बेतही गुंडाळला गेला. चाळींच्या वाट्याला ती बदनामी फुकटची आली असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. चाळींचे स्वतःचे दोष पुरेसे होते.

पहिला दोष आराखड्यात. तुमची चाळ तळमजला अधिक तीन. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, दहा या बाजूला, दहा त्या बाजूला, मधून पॅसेज. खोली साधारण सोळा बाय दहा, म्हणजे 160 चौरस फूट. संडास मजल्यावर सामायिक. गिरगावातल्या किंवा लालबागच्या जुन्या लाकडी चाळीत खोल्यांसमोर उघडी गॅलरी असते, वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. बीडीडीत खोलीचं दार उघडतं ते बंद पॅसेजमध्ये. दार लावलं की वारा थांबला. दिवसभर दारं उघडी टाकायची बीडीडीवाल्यांची सवय म्हणजे शेजारधर्म, असं सगळे कौतुकाने म्हणतात. शेजारधर्म आहेच, पण उन्हाळ्यात दार लावून तिथे बसून बघा. ती सवय आर्किटेक्टने लावलेली आहे. ऑर यांचा नियम बाहेरच्या अंतरात पाळला गेला, चाळी एकमेकींपासून बऱ्या लांब आहेत, मधल्या जागेत मुलं क्रिकेट खेळतात, मंडप पडतात. पण खोलीच्या आतून वारा आरपार जाईल ही काळजी कोणी घेतली नाही, कारण मधल्या पॅसेजने एका जिन्यावर जास्त खोल्या बसतात आणि खर्च वाचतो.

दुसरा दोष जास्त मोठा. युद्धानंतरच्या महागाईत, चढ्या दराच्या सिमेंट-सळईने या चाळी बांधल्या. खर्च वसूल होईल असं भाडं लावायचं तर ते कामगाराला झेपणारं नव्हतं, म्हणून तोट्यात भाडं लावलं, आणि तरीही ते जुन्या खासगी चाळींपेक्षा जड गेलं. तोवर गिरण्यांत मंदी आली. 1925 मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. अशा वेळी वरळीला कोण जाणार? तेव्हा वरळी म्हणजे गावाबाहेर. बाजार नाही, ट्राम नाही, पाळी सुटल्यावर अंधारातून चालत यायचं. खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे ठेवलं. दिरांचं 'कोंबायला बांधलेली' हे अक्षरशः तसं नसलं, तरी कोंडायला त्या वापरल्या गेल्या हे खरं आहे.

नायगाव आणि डिलाईल रोडचं तसं झालं नाही, कारण गिरणीचा भोंगा तिथे ऐकू यायचा. सुधारक खोल्या मोजत होते. कामगार घरापासून गेटपर्यंतचं अंतर आणि महिन्याचं भाडं मोजत होता. ज्या चाळी या दुसऱ्या हिशेबात बसल्या त्या भरल्या, नाही बसल्या त्या रिकाम्या राहिल्या. तेच काँक्रीट, तोच नकाशा, तरी नशीब वेगळं.

मग लोकांनी या चाळी आपल्या हिशेबात बसवल्या. गावच्या मंडळाने खोली घेतली, त्यात कोकणातले किंवा घाटावरचे पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपले, जेवण खानावळीत, ट्रंका भिंतीला. 160 फुटांचं भाडं वीस जणांत वाटलं की ते परवडतं. सरकारने एका कुटुंबासाठी आखलेली खोली अशी गावाने चालवली. पुढे बायका-मुलं आली, पोटमाळे चढले, कोपऱ्यात मोऱ्या आल्या, व्यायामशाळा झाल्या, गणपती आणि दहीहंडी आली. वरळीत मोठ्या संख्येने दलित कुटुंबं राहिली, आणि 1974 च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर पेटलेली दंगल याच चाळींच्या आवारात झाली. हेही बीडीडीच्या इतिहासात आहे. चाळ म्हटलं की फक्त गोडगोड आठवणी सांगणाऱ्यांना मुलीने हे विचारावं: कोणत्या चाळीत कोण राहत होतं, कोणत्या नळावर कोणाची भांडणं व्हायची? नीट संशोधन तिथून सुरू होतं.

आता दुरुस्तीचं बिल. इथे एक गैरसमज सर्रास असतो. भाडं गोठल्यामुळे चाळी मोडकळीस आल्या, असं सगळ्या चाळींबद्दल बोललं जातं. खासगी चाळींबाबत त्यात तथ्य आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली, मालकाने हात वर केले, आणि शेवटी 1969 च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला 19,642 होत्या. पण तुमची चाळ सरकारचीच. मालक सरकार, दुरुस्ती करणारा सार्वजनिक बांधकाम विभाग, भाडं नाममात्र ठेवणारंही सरकार. तिथे घरमालकाला दोष द्यायची सोय नाही. भाड्यातून दुरुस्ती निघत नाही हे 1925 मध्येच माहीत होतं, आणि तरी वेगळी तरतूद कायमची कधी झाली नाही. डागडुजी व्हायची, ती तक्रार मोठी झाली की.

चाळीची आजची तब्येत मी जवळून सांगतो, कारण 'धोकादायक' हा शब्द ऐकून लोक एक तर घाबरतात किंवा बिल्डरचा डाव म्हणतात. सिमेंट नवं असताना ते सळईभोवती एक अल्कधर्मी कवच धरून असतं, त्यामुळे सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत ते कवच मोडतो. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जाड असेल तर याला खूप काळ लागतो, पण 1920 च्या दशकातलं कव्हर बऱ्याच ठिकाणी इंचभरही भरत नाही. त्यात समुद्राची खारी हवा. त्यात मोरीचं पाणी. बीडीडीच्या कुठल्याही खोलीत गेलो की मी आधी वरच्या घरातली मोरी कुठे आहे ते विचारतो आणि तिच्या बरोबर खाली छताला हातोडीने ठोकतो. ठणठणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत थर सुटलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो काँक्रीटला आतून ढकलतो, आधी सळईच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग पोपडा पडतो, मग एक दिवस ढलपा. घरचे लोक त्यावर गिलावा मारून रंग देतात. गणपतीच्या आधी तर हमखास. त्याने छत देखणं होतं आणि वजन वाढतं, सळई आत गंजतच राहते. तुमची पाळी यायला अजून वेळ असेल तर निदान हे करा: मोरीचा तळ वॉटरप्रूफ करून घ्या, छताला फॉल्स सीलिंग लावून चिरा झाकू नका, आणि पाळण्यावर किंवा पलंगावर भद्द वाजणारं छत येऊ देऊ नका.

मग दुरुस्त करून राखता आल्या नसत्या का? तांत्रिकदृष्ट्या, बऱ्याच चाळी आल्या असत्या. चार मजल्यांचा काँक्रीटचा सांगाडा आहे. गंजलेली सळई साफ करून नवी जोडणं, पॉलिमर मॉर्टर, खांबांना जॅकेटिंग (भोवती काँक्रीटचा नवा थर), ही रोजची कामं आहेत. अडचण जागेची. 160 फुटांत आत संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बसवून माणसाने आज राहावं असं मी तरी कोणाला सांगणार नाही. दोन खोल्या एक केल्या तर 320 फूट होतात, पण एका चाळीत ऐंशीऐवजी चाळीसच कुटुंबं मावतात. उरलेल्या चाळिसांसाठी त्याच आवारात नवं बांधकाम लागेल. वरळीच्या सुमारे 59 एकरांत निम्म्या चाळी राखून बाकी जागेत मध्यम उंचीच्या इमारती करणं अशक्य नव्हतं. मग विक्रीसाठी जागा कमी उरली असती, आणि रहिवाशांना घर फुकट देण्याचा सगळा खर्च विक्रीच्या टॉवरमधून निघतो. 1920 मध्ये कापसाच्या गाठीवर कर होता, आता समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटवर आहे, एवढाच फरक. म्हणून सगळ्या चाळी पाडायच्या की नाही हा वारशाचा प्रश्न म्हणून ठरला नाही. तो पैशाच्या तक्त्यातच ठरला.

माझं मत विचाराल तर, तुम्हाला 500 चौरस फुटांचं मालकीचं घर, आत स्वतःचा संडास, हे मिळत असेल तर ते घ्या आणि कोणी चाळीचं कौतुक सांगून अपराधी वाटवू लागलं तर दुर्लक्ष करा. ज्यांना पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्यांना चाळ फार आवडते. पण मुलीचंही ऐका. नायगावला किमान दोन लगतच्या चाळी, त्यांच्या मधल्या अंगणासकट, राखायला हव्या होत्या असं मला वाटतं. एकटी चाळ राखून उपयोग नाही. बीडीडीतली सगळ्यात चांगली गोष्ट दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत आहे.

आता टॉवर. वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. तिथे चाळीस मजले आहेत, तुमच्याकडे त्याहून कमी. ऑर यांची पट्टी लावून बघा: 70 मीटर उंच इमारतीसमोर 35 मीटर मोकळं हवं. पुनर्विकासाच्या नियमांत यापेक्षा फार कमी अंतर चालतं. सोडतीत मजला तुमच्या हातात नाही, पण नकाशात तुमची इमारत कशाच्या समोर आहे ते आधी पाहून घ्या. म्हणजे दिवसा दिवा लावावा लागेल का हे कळेल, आणि स्वयंपाकघराला नुसती डक्टची खिडकी असेल तर एक्झॉस्टची तजवीज पहिल्या दिवसापासून करता येईल.

पण उजेडापेक्षा मला काळजी मेंटेनन्सची आहे. चाळीला चालवायला काय लागायचं? एक पंप, चार दिवे, झाडूवाला. टॉवरला लिफ्ट, आगीचे पंप, जनरेटर, सांडपाण्याचा प्लांट, सुरक्षा रक्षक. समजा महिन्याला चौरस फुटामागे आठ रुपये धरले, तर 500 फुटांना 4,000 रुपये. ज्या घरात निवृत्त गिरणी कामगाराचं तुटपुंजं पेन्शन आणि एका मुलाचा कंत्राटी पगार आहे, तिथे हा आकडा दर महिन्याला बोचतो. दोन वर्षं थकबाकी साचते, मग लिफ्टचं वार्षिक कंत्राट थांबतं, मग बाविसाव्या मजल्यावरच्या आजी घराबाहेर पडणं बंद करतात, आणि मग घर भाड्याने देऊन कुटुंब बदलापूरला जातं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता इमारतीत शिरल्यावर किती लिफ्ट चालू आहेत एवढ्यावरून सोसायटीच्या हिशेबाची कल्पना येते.

म्हणून ताबा घेण्याआधी, टाइल्सचा रंग आणि दाराची फ्रेम बघण्याआधी, चाळीतल्या लोकांनी एकत्र बसून काही गोष्टी लेखी मागून घ्या. देखभाल किती वर्षं दुसरं कोणी करणार, त्यात नेमकं काय येतं: लिफ्टचे सुटे भाग येतात का, टाक्यांची सफाई, रंगकाम? सभेत आश्वासन दिलं ते चालणार नाही, करारातलं कलम दाखवा म्हणावं. कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेला निधी, असेल तर तो कोणाच्या खात्यात, व्याज कोणाला, मुद्दलाला हात लावायचा अधिकार कोणाला. पार्किंग आणि खालचे दुकानांचे गाळे यांचं उत्पन्न पुनर्वसन इमारतीच्या सोसायटीला मिळणार की विक्रीच्या भागाला. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि पैसा तिथेच आहे. इमारतीचे प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले नकाशे, प्लंबिंग आणि वायरिंगसकट, सोसायटीच्या ताब्यात घ्या. दहा वर्षांनी गळती लागली की पाइप भिंतीत कुठून गेलाय हे शोधायला सगळी भिंत फोडावी लागते.

एक सूचना मी प्रत्येक ठिकाणी देतो आणि बहुतेक ठिकाणी ती कोणी ऐकत नाही: देखभाल दुसऱ्याकडे आहे त्या काळात सोसायटीने पूर्ण दरानेच मेंटेनन्स गोळा करून ठेव म्हणून ठेवावा. फुकटच्या वर्षांत भरायची सवय लागली नाही तर नंतर लागत नाही.

मुलीला काम हवं असेल तर माझ्याकडे एक आहे. तुमच्या मजल्याच्या वीसही खोल्या मोजून नकाशा काढायला सांगा, मूळ भिंती एका रंगात, लोकांनी केलेले बदल दुसऱ्या रंगात: पोटमाळे, मोऱ्या, बुजवलेली दारं, पॅसेजमध्ये आलेली कपाटं. प्रत्येक खोलीत पहिलं कोण राहायला आलं, कोणत्या गिरणीत कामाला होतं, भाडं किती होतं हे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यायला सांगा. जुन्या भाडेपावत्या कोणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. बांधकामाचे सरकारी नकाशे मिळू शकतात, पण लोकांनी केलेल्या बदलांचा नकाशा कुठल्याच कचेरीत नाही. हे सगळं माणसं राहत असतानाच करून घ्या. खोल्या रिकाम्या झाल्या की पत्रे ठोकतात, आणि मग कंत्राटदार कोणाला आत सोडत नाही.